ट्रंपेटचं घराणं : न्यू ऑर्लीन्स ते दौंडची वरात

(दौंड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

विषय जाहीर झाल्यावर मला दोन फोन आले. एकाने विचारलं, "सर, दौंडमध्ये जॅझ?" दुसरा म्हणाला, "सर, ट्रंपेट म्हणजे बँडवाल्यांचं ते ना?" दुसऱ्याचं बरोबर आहे. ते बँडवाल्यांचंच. मी तिथूनच सुरुवात करणार आहे.

मी लहानपणी इथल्या रेल्वे वसाहतीत राहत होतो. लग्नसराईत रात्री वरात निघाली की आम्ही पोरं गॅसबत्तीच्या उजेडात बँडच्या मागे. एक म्हातारा ट्रंपेटवाला होता. अंगात लाल कोट, त्याला सोनेरी गोंडे, पायात मात्र स्लीपर. 'शोला जो भडके' वाजवताना तो गाण्याच्या ओळी सरळ वाजवायचा, पण दोन ओळींच्या मधली जागा आली की काहीतरी निराळंच करायचा. सूर खालून ओढत वर न्यायचा, वर पोचला की क्षणभर सरळ धरायचा आणि शेवटी थरथरवून सोडायचा. मी एकदा त्याला विचारलं, "बाबा, हे कुणाकडून शिकलात?" तो म्हणाला, "भोंग्याकडून." म्हणजे रेकॉर्डवरून, लाऊडस्पीकरवरून.

त्याचा तो भोंगा कुणाकडून शिकला होता, हे आज आपल्याला बघायचंय.

आता एक कबुली आधी देऊन टाकतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका दिवाळी अंकात लिहिलं होतं की मुंबईचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट म्हणजे लुई आर्मस्ट्राँगची नक्कल, यापलीकडे काही नाही. वाक्य चटकदार होतं, लोकांना आवडलं. ते चूक होतं. का चूक होतं ते सांगणं हे माझ्यावरचं देणं आहे असं समजा.

आपल्याकडे शैलीची वंशावळ सांगायची एक पद्धत आहे. अमुक किराण्याचे, तमुक जयपूरचे. गुरू कोण, गंडा कुणाचा बांधला, किती वर्षं घरात राहिले. कागद नसला तरी माणसांची साखळी असते. जॅझमध्ये गंडा नाही. मग कोण कुणाकडून काय शिकलं हे ओळखायचं कसं? तीन खुणा आहेत. एक, शेजारी बसून वाजवलं होतं का? दोन, रेकॉर्ड हाताशी होती का? आणि तीन, कानाला काय ऐकू येतं? अडचण अशी की बहुतेक लिहिणारे, त्यात मीही आलो, तिसऱ्या खुणेवरच निकाल देतात. 'सारखं वाजतं, म्हणजे तिथूनच घेतलं.' असं नसतं.

ट्रंपेटविषयी थोडं. आपली तुतारी बघा. तिला भोकं नाहीत, खटके नाहीत. फुंकणाऱ्याने ओठ आवळले की सूर वर, सैल सोडले की खाली. ट्रंपेट म्हणजे मुळात तीच तुतारी, फक्त नळी गुंडाळलेली आणि तीन खटके बसवलेले. खटका दाबला की नळीची लांबी वाढते, सूर उतरतो. पण खरं काम ओठांचंच. म्हणून प्रत्येक वादकाचा सूर वेगळा. जसा गळा तसा ओठ. आणि ज्या वाद्यात ओठ आणि श्वास सरळ जातो, त्यात गाणं लपत नाही.

तर पहिला दुवा. न्यू ऑर्लीन्स शहर, अमेरिकेच्या दक्षिणेला. तिथला जो 'किंग' ऑलिव्हर कॉर्नेट वाजवायचा. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचं आखूड, मऊ आवाजाचं भावंडं. ऑलिव्हर शिकागोला गेला आणि १९२२ मध्ये त्याने आपल्या गावच्या एका पोराला बोलावून घेतलं, दुसरं कॉर्नेट वाजवायला. तो पोरगा लुई आर्मस्ट्राँग, जन्म १९०१. इथे पहिली खूण भक्कम आहे. गुरू शेजारी, शिष्य शेजारी, आणि १९२३ मधल्या रेकॉर्डी शिल्लक आहेत. त्या काळी मायक्रोफोन नव्हता, मोठ्या कर्ण्यासमोर उभं राहून वाजवायचं. असं सांगतात की आर्मस्ट्राँगचा आवाज एवढा दणदणीत की त्याला इतरांच्या मागे, लांब उभं करावं लागलं. त्याच रेकॉर्डींत ऑलिव्हरने 'डिपरमाउथ ब्लूज' नावाच्या तुकड्यात जे वाजवलं, ते पुढे कित्येक ट्रंपेटवाल्यांनी जसंच्या तसं पाठ केलं. आपल्याकडे बंदिश पाठ करतात तसं.

पण बघा, आर्मस्ट्राँग स्वतः ऑलिव्हरसारखा वाजवत नाही. ऑलिव्हरची खासियत होती भोंग्याच्या तोंडावर काहीतरी धरून 'वाऽ वाऽ' असा बोलल्यासारखा आवाज काढायचा. ती कला शेजारी बसणाऱ्या शिष्याने उचललीच नाही. ती उचलली बबर मायली नावाच्या दौऱ्यावर आलेल्या एका वादकाने, शिकागोत ऑलिव्हरला ऐकून. त्याने ती ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात नेली. हे 'काहीतरी' म्हणजे काय, तर आपल्याकडे मोरी तुंबली की लाकडी दांड्याचं जे रबरी भांडं वापरतात, त्याचा दांडा काढून टाकायचा आणि उरलेलं रबर भोंग्यासमोर हलवायचं. हसू नका. विसाव्या शतकातलं फार सुंदर संगीत त्या मोरीच्या रबरातून आलेलं आहे.

म्हणजे शेजारी बसणं हा पुरावा आहे, पण काय घेतलं याचा नाही. आर्मस्ट्राँगने ऑलिव्हरकडून घेतला ठामपणा, सूर मध्यावर रोवायची रीत. वरचं सगळं त्याचं स्वतःचं. १९२८ मध्ये 'वेस्ट एंड ब्लूज' ही रेकॉर्ड निघाली. चाल ऑलिव्हरची, आणि तिच्या सुरुवातीला आर्मस्ट्राँग एकटा, साथीशिवाय, काही सेकंद वाजवतो. आपल्या भाषेत सांगायचं तर तालाच्या आधीची छोटीशी आलापी. गुरूची चाल आणि दारात उभं राहून शिष्याने आधी स्वतःचं नाव सांगितलं.

आता दुसरी खूण, रेकॉर्ड. हिचा उत्तम नमुना म्हणजे रॉय एल्ड्रिज. पोरवयात त्याने नोकरी मिळवली ती एका रेकॉर्डमधला एकल तुकडा पाठ करून. तो तुकडा ट्रंपेटचा नव्हताच! तो होता कोलमन हॉकिन्सच्या सॅक्सोफोनचा, १९२६ च्या 'स्टँपीड' या रेकॉर्डवरचा. सॅक्सोफोनला बोटांच्या चाव्या आहेत, तिथे भराभर सूर निघतात. ट्रंपेटवर ते काढायचे म्हणजे ओठांची कसोटी. एल्ड्रिजने ते काढले, आणि त्यातून ट्रंपेटचा एक वेगवान, चढा, नवा बाज तयार झाला. मग त्याला रेडिओवर ऐकून ऐकून डिझी गिलेस्पी शिकला, आणि १९३७ मध्ये टेडी हिलच्या वाद्यवृंदात, जिथे पूर्वी एल्ड्रिज बसायचा, तिथे गिलेस्पीला जागा मिळाली. एल्ड्रिजसारखा वाजवतो म्हणूनच मिळाली. तो पुढे आधुनिक जॅझचा आचार्य झाला. त्याची सुरुवात कुणाची तरी रिकामी खुर्ची भरण्यापासून झाली हे लोक विसरतात. सनईवर गायकी आली, बासरीवर खयाल आला, हे आपल्याला नवं नाही. एका वाद्याने दुसऱ्याकडून, गळ्याकडून घ्यावं आणि घेता घेता बदलावं. ट्रंपेटचंही तेच.

मग माइल्स डेव्हिस, क्लिफर्ड ब्राऊन हे सगळे येतात. मी त्यात शिरत नाही, नाहीतर शेवटची गाडी चुकेल आपली. डेव्हिसबद्दल एवढंच, की त्याच्या शिक्षकाने लहानपणीच बजावलं होतं, सूर थरथरवू नकोस, सरळ वाजव. आर्मस्ट्राँगची ओळख म्हणजे सुराच्या शेवटचा कंप. डेव्हिसने तोच काढून टाकला. प्रभाव असाही असतो, नाकारण्यातून.

आता मुंबई.

१९३५ मध्ये लिऑन अॅबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पुढच्या हंगामात त्याच्याबरोबर बिल कोलमन हा ट्रंपेटवादक होता. नाजूक, ऐटदार वाजवणारा, आर्मस्ट्राँगनंतरच्या पिढीचा. आणि त्याच काळात ताजमध्ये क्रिकेट स्मिथ हा दुसरा ट्रंपेटवाला होता. क्रिकेट हे नाव; बॅट-बॉलशी संबंध नाही. हा जुना माणूस. १९१३-१४ मध्ये न्यूयॉर्कला जेम्स रीज युरोपच्या वाद्यवृंदाने रेकॉर्डी केल्या, तेव्हापासूनचा. म्हणजे आर्मस्ट्राँग अजून पोरसवदा होता तेव्हा हा रेकॉर्डवर वाजवत होता. १९३६ मध्ये स्मिथच्या वाद्यवृंदाने मुंबईतच रेकॉर्डिंग केलं. त्यात 'ताज महाल फॉक्सट्रॉट' नावाची रचना आहे, मुंबईच्या ज्यू समाजातल्या मेना सिलासची. नरेश फर्नांडिस यांनी आपल्या २०१२ च्या पुस्तकाला तेच नाव दिलं. मुंबईच्या जॅझचा हा सगळा इतिहास त्यांनी खणून काढला, आणि आमच्यासारखे नंतर बोलणारे त्याच विहिरीचं पाणी पितात.

स्मिथनंतर वाद्यवृंद आला टेडी वेदरफोर्डकडे. हा पियानोवाला. पण १९२६ मध्ये शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदाने जी रेकॉर्ड केली, तिच्यावर पियानो वेदरफोर्डचा आणि कॉर्नेट लुई आर्मस्ट्राँगचं. विचार करा. आर्मस्ट्राँगच्या शेजारी बसून वाजवलेला माणूस दहाएक वर्षांनी अपोलो बंदरावर बसून वाजवत होता. पुढे तो कलकत्त्याला गेला आणि १९४५ मध्ये तिथेच पटकीने वारला. कलकत्त्यात त्या वर्तुळात जॉर्ज बँक्स नावाचे नेपाळी ट्रंपेटवादक होते. त्यांनी आपल्या मुलाचं नाव आर्मस्ट्राँगवरून लुई ठेवलं. ते लुई बँक्स आज मुंबईत पियानोवादक म्हणून नावाजलेले आहेत. प्रभावाचा याहून पक्का दस्तऐवज कुठला? जन्मभर सही करावी लागते.

हे सगळं ऐकायला आणि शिकायला समोर कोण होतं? गोव्याची पोरं. गोव्यात चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे सूर वाचून म्हणायला, शिकवायचे. व्हायोलिन हातात द्यायचे. कान तयार, वाचन तयार. गावच्या फेस्तात, मिरवणुकीत पितळी वाद्यं वाजायची. पोटासाठी ही मंडळी मुंबईला आली. त्यांना समोर कागद ठेवला की काहीही वाजवता यायचं. कागद काढून घेतला की अडचण. जॅझ तर कागद काढून घेतल्यावरच सुरू होतो. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हे असेच नामी ट्रंपेटवादक. पुढे ते कोंकणी चित्रपटांचे निर्माते झाले, १९६३ चा 'आमचें नशीब' आणि १९६६ चा 'निर्मोण' त्यांचे. आणि दुसरा हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६. मुंबईने त्याला नाव दिलं चिक चॉकलेट.

चिकचं सोंग आर्मस्ट्राँगचं होतं, यात शंका नाही. तोच घोगरा गळा, तोच घाम पुसायचा पांढरा रुमाल. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे आणि तोही ते मिरवायचा. तुम्ही म्हणाल, मग नक्कल नाही तर काय?

इथे त्या तीन खुणा लावून बघू. ताजमध्ये हाडामासाचे जे दोन अमेरिकन ट्रंपेटवाले मुंबईने ऐकले, त्यातला स्मिथ जुन्या, आर्मस्ट्राँगपूर्व वळणाचा, आणि कोलमन हळुवार. मुंबईच्या पोरांनी फक्त शेजार घेतला असता तर ती या दोघांसारखी वाजवू लागली असती. तशी ती वाजवत नाहीत, आर्मस्ट्राँगसारखी वाजवतात. म्हणजे शेजारापेक्षा रेकॉर्ड भारी ठरली. आमच्या वरातीतल्या बाबासारखा चिकही भोंग्याचाच शिष्य. आता रेकॉर्ड कशी शिकवते? तीन मिनिटांची तबकडी. सुई उचलायची, मागे ठेवायची, पुन्हा. गुरू थकत नाही, रागावत नाही, पण चूक झाली तर सांगतही नाही. त्यामुळे रेकॉर्डवरून शिकणारा दोनपैकी एक होतो: हुबेहूब पोपट, नाहीतर आपल्या चुकांचा मालक. मी चिकला पोपट समजलो, कारण मी त्याला रात्रीच ऐकत होतो. म्हणजे त्याच्या हॉटेलातल्या वाद्यवृंदाच्या ज्या काही रेकॉर्डी आहेत, त्याच. दिवसा तो काय करत होता तिकडे लक्षच दिलं नव्हतं.

दिवसा तो स्टुडिओत होता. कुणाबरोबर? तर आपल्या लाइनवरच्या माणसाबरोबर! १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला. नगर, श्रीरामपूर ओलांडलं की कोपरगावच्या अलीकडे पुणतांबा लागतं. त्या पुणतांब्याला १९१८ मध्ये रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. संगीतकार सी. रामचंद्र, सिनेमावाल्यांचे अण्णा. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकलेले. म्हणजे विष्णु दिगंबरांची परंपरा. हा माणूस १९४७ च्या 'शहनाई'त 'संडे के संडे' करतो, १९५० च्या 'समाधी'त 'गोरे गोरे' करतो, ज्याचं मूळ कारमेन मिरांडाच्या एका अमेरिकी गाण्यात दाखवतात, आणि १९५१ मध्ये 'अलबेला' करतो. या कामात चिक चॉकलेट त्यांचा सहायक. 'अलबेला'त चिकचा वाद्यवृंद पडद्यावरही आहे; पुढच्या वेळी भगवानदादांच्या पायांवरून नजर काढून मागे बघा.

काम कसं चालायचं ते सांगतो, कारण सगळी गोम त्यात आहे. अण्णा पेटीवर चाल सांगणार, आपल्या सरगमच्या हिशेबाने. ती ऐकून कुणीतरी पाश्चात्त्य नोटेशनमध्ये उतरवणार, प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा करणार. चाल संपते तिथे आणि पुढची ओळ सुरू होते तिथे मध्ये जी फट राहते, ती भरायची. आपल्या संगीतात ही फट सारंगी किंवा पेटी भरते, आणि भरते म्हणजे गायकाने घेतलं तेच पुन्हा म्हणते. चिकच्या वळणाची ट्रंपेट तेच पुन्हा म्हणत नाही. ती उत्तर देते. लता आणि चितळकर गातात, आणि ट्रंपेट मध्येच बोलते, चिडवते, वर जाऊन थांबते.

हे कुठून आलं? आर्मस्ट्राँगच्या त्या उंच सुरांतून नाही. आर्मस्ट्राँगची एक कमी गाजलेली बाजू आहे, साथीची. जानेवारी १९२५ मध्ये बेसी स्मिथ या गायिकेबरोबर त्याने 'सेंट लुईस ब्लूज' केलं. तिची ओळ संपते, त्याचं कॉर्नेट उत्तर देतं. तिची पुढची ओळ, पुन्हा उत्तर. कुठेही तिच्या पायात येत नाही. मी असं म्हणत नाही की चिकने ती एक रेकॉर्ड समोर ठेवून हे केलं. एवढा सोपा हिशेब नसतो, आणि मघाशीच मी त्या मोहाला शिव्या दिल्यात. मी एवढंच म्हणतो की आर्मस्ट्राँगच्या शैलीत गळ्याला उत्तर देण्याची जी मुळं होती, ती चिकने ओळखली आणि ती पुणतांब्याच्या माणसाच्या चालीत लावली. जिथे बेसी स्मिथचे ब्लूज नाहीत, बारा बारचे ते ठोकळे नाहीत, तिथे. रुमालाची नक्कल कुणीही करेल. ही जागा ओळखायला वेगळं डोकं लागतं. मला ते दिसलं नव्हतं, कारण सिनेमाच्या गाण्यात मी जॅझ शोधायला गेलोच नव्हतो. तिथे गेलं तर लोक हसतील असं वाटायचं, खरं कारण तेच.

आणखी एक गोष्ट या मंडळींच्या आड आली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. बार बंद, नाचाचे हॉल ओस, वाद्यवृंदांची रोजी गेली. हॉटेलातले वादक दिवसाउजेडी स्टुडिओत शिरले. हिंदी गाण्यातला पन्नाशीचा तो भरगच्च पितळी आवाज, त्याचं थोडं श्रेय मोरारजीभाईंना द्यावं लागेल, त्यांना ते रुचलं नसतं तरी. पण स्टुडिओत आल्यावर या लोकांची नावं गेली. तबकडीच्या कागदावर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, चित्रपटाचं नाव. ट्रंपेट कुणी वाजवली? कोरी जागा. चिकला निदान 'नादान'सारख्या चित्रपटांत संगीतकार म्हणून नाव मिळालं. बाकीच्यांना तेही नाही. १९६७ मध्ये तो गेला, वय जेमतेम पन्नास-एक्कावन्न.

वंशावळ मांडायची तर हीच खरी अडचण आहे. अमेरिकेत १९२३ च्या रेकॉर्डवर दुसरं कॉर्नेट कुणी वाजवलं हे लोकांनी शोधून, भांडून, लिहून ठेवलं. आपल्याकडे अनेक गाण्यांत तो ओठ कुणाचा हे सांगणारं त्या वेळी कुणी लिहून ठेवलं नाही, आणि मग आपण एकाच गाजलेल्या नावावर सगळं टाकून मोकळे होतो. मीही आज चिकचं नाव घेताना त्याच्या मागच्या रांगेतल्या चार जणांवर अन्याय करतोच आहे.

आणि त्या वरातीतल्या बाबांचं नाव? मला फक्त आडनाव आठवतं, तेही बँडच्या गाडीवर रंगवलेलं म्हणून. ट्रंपेट त्यांची मेरठच्या जली कोठीची होती, जिथून देशभरच्या बँडवाल्यांची वाद्यं येतात. हे ते अभिमानाने सांगायचे. ते गाण्याच्या मधल्या जागेत जो सूर खालून ओढत नेत, थोडा सरळ धरत आणि शेवटी हलवत, ती सुराच्या शेवटी कंप देण्याची रीत न्यू ऑर्लीन्सची. शिकागो, मग समुद्रापार एक तबकडी, हळदोण्याचा एक मुलगा, पुणतांब्याची एक चाल, आणि मग आपल्या स्टेशनरोडवरची वरात. मधल्या प्रत्येकाने त्यात थोडं घातलं. बाबा तर पुढे त्याच जागेत हळदीची गाणीसुद्धा घुसवायचे, ते काही आर्मस्ट्राँगने शिकवलं नव्हतं.

बरं, बोलणं पुरे. मी तीन तुकडे आणलेत. आधी 'वेस्ट एंड ब्लूज'ची सुरुवात लावतो, मग बेसी स्मिथ, मग 'शोला जो भडके'. तिसऱ्याला शब्दांकडे लक्ष देऊ नका, तुम्हाला ते पाठच आहेत. ओळ संपली की कान टवकारा. आवाज मागपर्यंत येतोय का? येत नसेल तर पुढे सरका, इथे जागा आहे.